तिसऱ्या सिलिंडरची कॉइल माझ्या हातात होती

या सदरात लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच ओळीत सांगतात की आपला असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझाही नव्हता. फरक इतकाच की तो आजही नाही. वाचून झाल्यावर कुणी मला "पटलं ना आता?" असं विचारू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो – नाही पटलं. जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. त्याचा अर्थ मात्र माझ्या वतीने कुणी लावू नये.

मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक आहे. आर. के. पुरममध्ये सरकारी क्वार्टर, पहिला मजला. खाली तुतीचं झाड आहे आणि त्या झाडाखाली आमची गाडी उभी असते. 'आमची' हा शब्द सवयीने आला. गाडी मंजिरीची. मंजिरी म्हणजे माझी बायको. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती इंजिनिअर होती, क्वालिटी विभागात. गाडी तीच चालवायची. मी शेजारी बसून वाचत असे. रस्त्यात खड्डा दिसला की ती "ओळ धर!" म्हणून ओरडायची आणि मी चालू ओळीवर बोट ठेवायचो. आमचा संसार साधारण असा होता.

मंजिरी गेली. आजारपण लांबलं आणि मग एकदम संपलं. त्याविषयी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर घरातून एकेक गोष्ट जाऊ लागली. तिच्या साड्या तिच्या मावशीने नेल्या. तिचा लॅपटॉप कंपनीने परत मागितला. तिची पुस्तकं, सगळी इंजिनांवरची, कुणा विद्यार्थ्याला उपयोगी पडतील म्हणून गेली. दर वेळी कुणीतरी समजूतदारपणे विचारायचं आणि मी "बरं" म्हणायचो. दुःखात माणूस फार 'बरं' म्हणतो, असं मला दिसून आलं.

मग सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांना आणायला मी निजामुद्दीन स्टेशनवर गाडी घेऊन गेलो. गाडी कित्येक महिने कव्हरखाली उभी होती. बॅटरी बदलल्यावर सुरू झाली, पण पहिल्याच सिग्नलला अशी थरथरायला लागली की मागचे लोक हॉर्न वाजवायचं विसरून बघत राहिले. येतानाही तेच. धक्का, मग जरा बरं, मग पुन्हा धक्का. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. सासूबाई मागे बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

"अनंतराव," त्या म्हणाल्या, "ही गाडी हुंदके देतेय."

"मिसिंग आहे आई. एखादा सिलिंडर पेटत नसेल."

"तुम्ही त्याला काहीही म्हणा."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकावर एक कॉइल बसवलेली असते. ती खालच्या स्पार्क प्लगला वीज देते, ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. चौघांनी ओळीने आपापला ठोका द्यायचा. एकाने दिला नाही की गाडी लंगडते. लंगडण्याचं कारण कॉइल असेल, प्लग असेल, वायर असेल... एकेक बघत जायचं. हुंदक्यांचा इथे संबंध नाही.

संध्याकाळी सुहास आला. सुहास मंजिरीचा धाकटा भाऊ, गुडगावला आय.टी.त आहे. पोरगा चांगला आहे. फक्त दुसऱ्यांच्या अडचणी त्याला स्वतःच्या मीटिंगसारख्या वाटतात, वेळेत संपवायच्या.

"भावोजी, विकून टाका यार. दिल्लीत पंधरा वर्षं झाली की तसंही भंगारातच जाणार आहे. माझ्या ऑफिसमधल्या एकाचा ओळखीचा डीलर आहे. रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाईल."

"विकण्याआधी शांत करून घ्यायची," सासूबाई मधेच म्हणाल्या. "पहाडगंजला एक गुरुजी राहतात, मी फोनवर बोललेय. तिचा जीव अडकलाय त्या गाडीत. आईला कळतं."

"आई, प्लीज. डीलरसमोर नारळ फोडणार का आता?"

"तू गप्प बस. तुला तुझी बहीण म्हणजे एक जुनी गाडी वाटते."

"आणि तुला जुनी गाडी म्हणजे माझी बहीण वाटते!"

दोघांचे डोळे भरले होते. मी वरण वाढत होतो. नेहमीप्रमाणे दोघांनी माझ्याकडे पाहिलं – 'बरं' ऐकायला.

"विकायची नाही," मी म्हणालो. "आणि शांतही करायची नाही. मी दुरुस्त करीन."

सुहास हसला नाही, हे त्याचं मोठेपण. "तुम्ही? भावोजी, तुम्ही मिक्सरचं भांडं उलटं लावता."

"तरी चटणी होते."

शेवटी त्याने एक तोडगा काढला. रविवारी संध्याकाळी डीलर यायच्या आत गाडी मानेसरपर्यंत जाऊन विनाधक्का परत आली, तर तो विषय कायमचा बंद. नाही आली, तर डीलर गाडी नेणार आणि मी अडवायचं नाही. मी कबूल झालो. सासूबाईंनी गुरुजींना 'सोमवारी कळवते' असा निरोप दिला.

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. धुकं वर गेलं होतं आणि ऊन जरा धीट झालं होतं. गाडीच्या खणात मंजिरीचा छोटा स्कॅनर होता. तो स्टिअरिंगखाली लावला की कोणता सिलिंडर ठोका चुकवतोय ते फोनवर दिसतं. दिसलं – तीन नंबर. पुढची पद्धत मी वाचून काढली होती. तिसऱ्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकायची. दोष कॉइलबरोबर तिकडे गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग बदलायचा. मी कॉइल हलवली. दोष तीनवरच. मी नवा प्लग घातला. दोष तीनवरच. जेवायच्या वेळेपर्यंत माझे हात काळे झाले होते आणि दोष होता तिथेच होता.

वरच्या मजल्यावरचे तनेजाजी, निवृत्त गृहस्थ, पेपर घेऊन उन्हात खुर्ची टाकून बसले होते. "अनंत साहब, ट्रान्सलेशन में भी इतना टाइम लगता है क्या?"

दुपारी सुहास आला. त्याने इंजिनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "भावोजी, तीन नंबर कुठला?"

मी दाखवला.

"तुम्ही डावीकडून मोजलंत?"

मी आयुष्यभर ओळी डावीकडूनच वाचल्या आहेत. इंजिनाचा पहिला सिलिंडर मात्र कडेला फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या बाजूचा धरतात, आणि आमच्या गाडीत समोरून पाहिलं की पट्टा उजवीकडे येतो. ज्याला मी तिसरा समजून सकाळभर खटपट करत होतो, तो दुसरा होता. निरोगी माणसाचं ऑपरेशन केलं होतं.

सुहास इतका हसला की त्याला टायरला टेकून खाली बसावं लागलं. मीही हसलो. मंजिरी गेल्यापासून मी त्या झाडाखाली हसलो नव्हतो. वरून सासूबाई गॅलरीत येऊन पाहून गेल्या. त्यांना ते आवडलं नसावं.

मग दोघांनी मिळून उजवीकडून मोजून सगळं पुन्हा केलं. खऱ्या तिसऱ्याची कॉइल चौथ्यावर, चौथ्याची तिसऱ्यावर. दोष तीनवरच. म्हणजे कॉइल ठीक. तिसऱ्याला नवा प्लग. दोष तीनवरच. अंधार पडायला लागला तेव्हा सुहास म्हणाला, "हा स्कॅनरच फेकू असेल."

तो खरा की खोटा हे कळायला एक जुनी चाचणी आहे. ती आम्ही रविवारी सकाळी केली. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका कॉइलचा कनेक्टर, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लास्टिकचा तुकडा, काढून बघायचा. चांगल्या सिलिंडरचा काढला तर इंजिन आणखी लंगडतं, कारण आता दोन बंद. आधीच मेलेल्या सिलिंडरचा काढला तर काहीच फरक पडत नाही. तिसरी शक्यता नाही. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

सुहास स्टिअरिंगवर होता, दार उघडं, फोनवर स्कॅनर. तनेजाजी खुर्ची सोडून गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी पेपरचं अर्धं पान सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं. इंजिन ठोका चुकवत असलं की कागद मधूनच आत ओढला जातो, नीट असलं की एकसारखा बाहेर उडत राहतो, असं त्यांचं म्हणणं. "हमारे ज़माने का स्कॅनर यही था," ते म्हणाले.

पहिल्याचा कनेक्टर काढला. इंजिन बंदच पडणार होतं. परत लावला. दुसरा काढला – तेच. चौथा – तेच. आता तिसरा. काहीच फरक पडायला नको होता.

मी तिसऱ्याचा कनेक्टर काढला आणि इंजिन शांत झालं.

बंद पडलं नाही. शांत झालं. थरथर थांबली, पिवळ्या दिव्याचं लुकलुकणं थांबलं, आणि चारही ठोके ओळीने, एकसारखे पडू लागले. मंजिरी सकाळी कारखान्यात निघायची तेव्हा मी खिडकीतून जो आवाज ऐकायचो, तो आवाज. मी वाकून उभा होतो आणि कनेक्टर माझ्या बोटांत होता.

"लगा दिया क्या?" तनेजाजींनी मागून विचारलं. "काग़ज़ बिल्कुल सीधा उड़ रहा है!"

"निकाला है," मी म्हणालो.

सुहास फोनकडे बघत होता. "भावोजी... चौघांवर शून्य आहे. कुठेच मिसिंग नाही. तुम्ही काय केलंत?"

"काढला."

"कुठला?"

उत्तर देण्याऐवजी मी कॉइलच उपसून बाहेर काढली. बोल्ट आदल्या दिवसापासून सैलच होते. तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर आता नुसतं भोक होतं, खोल, काळं. त्याच्या तळाशी प्लग होता आणि त्या प्लगला वीज द्यायला जगात काहीही नव्हतं. इंजिन चालत राहिलं.

सुहास उतरून आला. त्याने भोकात पाहिलं. माझ्या हातातली कॉइल पाहिली. मग पट्ट्याच्या बाजूने बोट ठेवत मोजलं, मोठ्याने, लहान मुलासारखं. एक, दोन, तीन. त्याने स्वतः चौथ्याचा कनेक्टर काढून पाहिला. इंजिन लगेच लंगडलं, जसं चारातला एक गेल्यावर लंगडतं. परत लावला, पुन्हा नीट. त्याने व्हिडिओ काढायला सुरुवात केली.

"तनेजाजी, आप भी आके देखिए," सुहास म्हणाला.

तनेजाजी आले, पाहिलं, आणि हातातला कागद घडी करून खिशात घातला. "बेटा, मैं ऊपर जाता हूँ," एवढंच म्हणाले.

मला भीती वाटली का? प्रामाणिकपणे सांगतो, मला राग आला. कुणाचा, ते अजून ठरवता आलेलं नाही. इतके महिने लोक मला सांगत होते की मन घट्ट कर, जे नाही ते नाही. आणि इथे जे नाही ते ढळढळीत काम करत होतं. मी कॉइल मुठीत धरून उभा राहिलो आणि मनात म्हणालो, चाल. किती चालतेस बघू.

मग मीच इंजिन बंद केलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. मला प्लग पाहायचा होता. ठिणगी नसलेल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता साचतं, प्लग ओला निघतो. आम्ही तो काढला, सुहासने रुमालात धरला, कारण चटका बसत होता. कोरडा होता.

तो परत बसवून, कॉइल न लावता, पुन्हा इंजिन सुरू केलं तेव्हा ते थरथरलं. जसं थरथरायला हवं तसं. त्यानंतर आम्ही कितीदा करून पाहिलं, तो आवाज कॉइलशिवाय पुन्हा आला नाही.

आता दोष कुठे होता तेही सांगतो, म्हणजे कुणी अर्धी गोष्ट घेऊन पळणार नाही. कनेक्टर इतका वेळ हातात असल्यामुळे त्याची वायर मी पहिल्यांदा नीट पाहिली. इंजिनाच्या मागच्या बाजूला, हाताला लागेल पण डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी, ती उंदराने कुरतडली होती. दिल्लीच्या थंडीत उभ्या गाड्यांत उंदीर घर करतात. तांब्याचे दोनच तंतू शिल्लक होते. आम्ही वायर कापली, नवा तुकडा जोडला, सोल्डरचा डाख दिला, वर रबराची नळी चढवली. कॉइल लावली. गाडी सुरू केली. चारही ठोके. या वेळी चार कॉइलवर.

सासूबाई खाली आल्या होत्या. सुहासने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "ती होती," त्या म्हणाल्या. "आता तरी माना."

"आई, ती असती तर आधी मला ओरडली असती. चालत्या इंजिनाची कॉइल काढून ठेवायची नसते. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन सायलेन्सरचं वाटोळं करतं. तिने मला चालूच ठेवू दिलं नसतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. पण त्या म्हणाल्या, "हो. ओरडली असती खरी." आणि पदराने बॉनेटवरचे माझे काळे ठसे पुसायला लागल्या. "फार ओरडायची. लहानपणी मलासुद्धा."

"मानेसरला येता?"

"गुरुजींना काय सांगू?"

"सांगा, उंदीर होता."

आम्ही तिघं गेलो. धौला कुआँ, हायवे, मानेसर. मी चालवत होतो, सुहास शेजारी फोनवर ठोके मोजत होता. कारखान्याच्या फाटकासमोर गाडी वळवली. परत येताना एकही धक्का नाही. धौला कुआँच्या सिग्नलला सुहासने स्वतःहून डीलरला फोन लावला. "नहीं भाईसाहब, मत आइए. नहीं, रेट की बात नहीं है. बेचनी नहीं है."

नंतर मी स्पष्टीकरण शोधलं. मंजिरीचा एक सहकारी आहे, इंजिनांच्या चाचण्या घेणारा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, प्लग कोरडा असू शकतो, गाडीचा कॉम्प्युटर बंद सिलिंडरचं पेट्रोल तोडतो. मी विचारलं, मग इंजिन तिघांवर चालताना लंगडायला नको? म्हणाला, लंगडायलाच हवं. तुमचं पाहण्यात काहीतरी चुकलं असेल.

"हेच मंजिरीने सांगितलं असतं तर?"

तो म्हणाला, "मॅडम म्हणाल्या असत्या तर मी इंजिन बघायला आलो असतो."

व्हिडिओ सुहासकडे आहे. त्यात काय दिसतं? एक गाडी नीट चालतेय आणि एका माणसाच्या हातात काहीतरी काळं आहे. बघणारे म्हणतात, मग? त्यांचं बरोबर आहे. मी तो कुणाला पाठवत नाही.

मंजिरीची गाडी आता माझ्या नावावर करायला टाकली आहे. आर.टी.ओ.तल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "इतनी पुरानी गाड़ी... थोड़े दिन में वैसे भी स्क्रॅप होगी. क्यों करवा रहे हैं?"

"चलती है," मी म्हणालो.

वाचकांपैकी ज्यांना इंजिनं कळतात त्यांनी जरूर लिहावं. माझा प्रश्न एकच आहे. तीन कॉइलवर चार ठोके कसे पडले? मला माहीत नाही. ज्यांना कळत नाही आणि तरीही समजावायचं आहे, त्यांनी कृपया लिहू नये. सांत्वन नको आहे.